अडखळण्यात ऐकणाऱ्याचा वाटा

तोतरेपणाविषयीचं एक मत आपल्याकडे इतकं रुळलंय, की ते मत आहे याचाच विसर पडतो. अडखळणं ही बोलणाऱ्याची अडचण. जीभ त्याची, भीती त्याची, तेव्हा उपायही त्यानेच करायचा. चांगला स्पीच थेरपिस्ट गाठावा, सांगितलेले व्यायाम नेमाने करावेत, मनाचा हिय्या करावा, की बोलणं सुटतं. सहा महिन्यांनी पुन्हा अडखळायला लागला, तर सराव सोडला असणार! घरच्यांनी फी भरावी, शिक्षकांनी सांभाळून घ्यावं, मित्रांनी फार हसू नये. त्यापलीकडे इतरांचा या प्रकरणाशी संबंध नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या सुशिक्षित घरांतून हे मत ऐकू येतं, आणि उपचार करणारी मंडळीही त्यातून पूर्ण सुटलेली नाहीत.

पूर्वपक्ष कच्चा नाही, हे आधी कबूल करू. उपचारात शिकवलेली तंत्रं खरोखर काम करतात. शब्दाची सुरुवात हलकी करणं, स्वर जरा लांबवणं, ओठ आणि जीभ घट्ट न आवळता नुसती टेकवणं, यांनी थोड्या आठवड्यांत क्लिनिकमधलं बोलणं बदलतं आणि तो बदल मोजताही येतो. हे शरीराचं कसब आहे, तबल्याच्या कायद्यासारखं; रियाज ज्याचा त्यालाच करावा लागतो, आईने केलेला मुलाच्या हातात उतरत नाही. शिवाय ‘आधार, आधार’ म्हणत मुलाला कापसात गुंडाळून ठेवलं तर ते बोलायचं टाळायला शिकेल, ही भीतीही खोटी नाही. उरलंसुरलं काम उदाहरणं करतात. प्राचीन ग्रीक वक्ता डेमोस्थेनीसने तोंडात खडे धरले, इंग्लंडच्या राजाने युद्धाचं भाषण केलं, आपला हृतिक रोशन लहानपणी अडखळायचा आणि आज पाहा. इच्छा असली की होतं.

मग उदाहरणांपासूनच सुरुवात करू. खड्यांची गोष्ट प्राचीन चरित्रकार प्लुटार्कची, ती शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली. त्याच चरित्रात प्लुटार्कने सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र वाटेत गळाली. सभेत फजिती होऊन तोंड झाकून घरी निघालेल्या डेमोस्थेनीसच्या मागोमाग सॅटिरस नावाचा एक नट गेला, त्याच्या घरात शिरला, त्याच्याकडून नाटकातला उतारा म्हणवून घेतला आणि तोच उतारा स्वतः म्हणून दाखवला. म्हणजे खडे येण्याआधी ऐकणारा आला होता. इंग्लंडचा तो राजा, सहावा जॉर्ज, 1926 साली, अजून ड्यूक ऑफ यॉर्क असताना, लायोनेल लोग या स्पीच थेरपिस्टकडे गेला. 3 सप्टेंबर 1939 चं ते प्रसिद्ध भाषण त्याने केलं तेव्हा लोग त्याच खोलीत होता. लोग शेजारी नसताना नाताळचं भाषण करायला राजाला 1944 उजाडलं. अठरा वर्षं! एवढं करूनही त्याचं अडखळणं पूर्ण गेलं नव्हतंच. हृतिकने तर मोठेपणीही आपण रोज सराव करतो असं उघड सांगितलं आहे. ‘एकट्याने जिंकलेली लढाई’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या कथा उलगडल्या, की आत कुणीतरी दुसरं माणूस सापडतं, नाहीतर न संपलेला सराव.

पण कथा म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्याची बाजू याहून भक्कम आहे. साधारणपणे वीसांतल्या एका मुलाला कधी ना कधी अडखळण्याचा काळ येतो, बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात. त्यातली तीन-चतुर्थांश मुलं पुढे आपोआप मोकळी बोलू लागतात. (जिभेवर वेखंड उगाळून लावणं, अक्कलकारा, नवस, सगळ्यांचा नावलौकिक या आपोआप बऱ्या होणाऱ्या मुलांवर उभा आहे.) मोठ्या माणसांत शंभरात एखादा उरतो, आणि अशा चौघा पुरुषांमागे एखादी बाई. आता या उरलेल्यांविषयी दोन गोष्टी पाहा. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एरिक जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी 2021 साली 24 प्रौढांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. कुणीही ऐकत नाही अशी खात्री असताना ही माणसं स्वतःशी मोठ्याने बोलली, तेव्हा अडखळणं जवळपास नाहीसं झालं. तीच माणसं, तीच जीभ; फक्त समोरचा कान काढून घेतलेला. दुसरी गोष्ट जुनी, आणि ती पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. चार जणांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणारा माणूस सहसा अडखळत नाही. मध्य रेल्वेच्या सकाळच्या गाडीत भजनी मंडळ रंगलेलं असतं, त्यात टाळ धरून अभंग खणखणीत म्हणणारा माणूस पाहा. गाडी ठाण्याला येते, नवा प्रवासी त्याला विचारतो, ‘‘कुठे उतरणार?’’ आणि त्याच्या तोंडून दादरचा ‘द’ निघता निघत नाही.

यावरून तोतरेपणा मनाचा खेळ ठरत नाही. अडखळण्याची प्रवृत्ती बरीचशी आनुवंशिक असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डेनिस ड्रायना यांच्या गटाने 2010 साली पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून तिच्याशी संबंधित जनुकं दाखवून दिली. बोलण्याची मेंदूतली यंत्रणा मुळात नाजूक असते, आणि कुणी ऐकतंय, तोलतंय, थांबून पाहतंय याचा भार पडला की ती चुकते, एवढाच अर्थ निघतो. पण तेवढा अर्थ पूर्वपक्षाला पुरून उरतो. भार टाकणारा जर समोर बसलेला असेल, तर उपचार फक्त बोलणाऱ्याच्या जिभेवर कसा संपेल?

इथे पूर्वपक्षाचा लाडका शब्द येतो: सराव. क्लिनिकमध्ये सुधारलेला माणूस बाहेर पुन्हा का अडखळतो? सराव कमी पडला म्हणून, असं उत्तर तयारच असतं. पण क्लिनिक म्हणजे काय ते बघा. बंद दार, पंख्याचा आवाज, समोर एकच माणूस, आणि त्या माणसाला न घाई करता ऐकण्याचेच पैसे मिळतात. अशा खोलीत कमावलेलं बोलणं डोंबिवली स्टेशनच्या तिकीट खिडकीवर न्यायचं आहे. मागे रांग, आत कंटाळलेला कारकून, काचेला छोटं भोक. त्यातून या पट्ट्याची एक गंमत म्हणा की क्रूर थट्टा म्हणा: ठाण्यापासून कल्याणपर्यंत कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली अशी जेवढी स्टेशनं आहेत, ती सगळीच्या सगळी स्पर्श व्यंजनांनी सुरू होतात. ठ, क, द, ड उच्चारताना हवा क्षणभर पुरती अडते आणि मग सुटते. मुंब्र्याचा ‘म’ तेवढा नाकावाटे निघून जातो. कुणाचं कुठल्या अक्षरावर अडेल याचा नियम नसला, तरी ज्याचं अशा अक्षरांवर अडतं त्याला स्वतःच्या गावाचं नाव सांगणं हीच रोजची परीक्षा. सोपं नाव असलेल्या पुढच्या स्टेशनचं तिकीट काढून अलीकडे उतरणारी माणसं जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. आता तिकीट मोबाईलवर निघतं, खिडकीशी बोलावं लागत नाही. सोय झाली, आणि लपायला आणखी एक जागाही मिळाली.

उपचारानंतर अडखळणं परतणं हा अपवाद नाही, नेहमीची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात ॲशली क्रेग आणि कॅरन हॅनकॉक यांनी उपचार घेतलेल्या दीडशेच्या आसपास प्रौढांना विचारलं, त्यांचे निष्कर्ष 1995 साली आले: दहातल्या सातांनी आपलं अडखळणं कधी ना कधी परतल्याचं सांगितलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी मोकळं बोलणं पुन्हा मिळवलंही. दहातले सात आळशी असतात असं मानायचं, की उपचाराची आखणीच कुठेतरी अर्धी राहते असं मानायचं? माझ्या मते दुसरं. खोलीतून बाजारात, घरातून शाळेत, ओळखीच्या माणसाकडून अनोळखी माणसाकडे ते कसब कसं न्यायचं, ही उपचाराची उरलेली अर्धी बाजू. ती थेरपिस्टच्या टेबलावर होत नाही. ती करायला आई-बाप, भावंडं, वर्गशिक्षक, ऑफिसातला साहेब लागतात.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे मोजून सिद्ध झालेलं आहे. सिडनीच्या लिडकम उपनगरातून नाव घेतलेली एक पद्धत आहे, मार्क ऑन्स्लो आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली. तीत मुलावर उपचार करतात आई किंवा वडील. थेरपिस्ट आठवड्यातून एकदा पालकाला शिकवतो. घरी रोज दहा-पंधरा मिनिटं पालक मुलाशी गोष्टीचं पुस्तक, खेळणी घेऊन बसतो, मोकळं निघालेल्या वाक्याला ‘‘किती छान सांगितलंस’’ म्हणून दाद देतो, अडलेल्यावर क्वचित, हलकेच बोट ठेवतो, आणि दिवसअखेर अडखळण्याची तीव्रता आकड्यात लिहून ठेवतो. या पद्धतीची चाचणी न्यूझीलंडमध्ये 54 मुलांवर झाली. 2005 साली तिचा अहवाल ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. नऊ महिन्यांनी उपचार गटातल्या निम्म्याहून जास्त, 52 टक्के मुलांचं अडखळणं अगदी नगण्य झालं होतं. उपचार न मिळालेल्या गटात हे प्रमाण 15 टक्के. पंधरा टक्के आपोआप सुधारले हे खरंच, पण उरलेला फरक कुणी केला? स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या असलेल्या बाईने. कुटुंबाचं काम फी भरण्यापुरतं असतं, हे विधान इथे टिकत नाही.

आता पूर्वपक्षाचा प्रत्युत्तरी डाव येईल, आणि तो दुखरा आहे. कुटुंबाचा एवढा वाटा असेल तर दोषही कुटुंबाचाच. मूल अडखळलं ते आईने धाक घातला म्हणून. असं म्हणणारा एक मोठा माणूस खरोखर होऊन गेला. आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन स्वतः अडखळत. त्यांचा सिद्धान्त असा, की मुलाचं स्वाभाविक चाचपडणं पालकांनी ‘तोतरेपणा’ म्हणून हेरलं, त्याच्या मागे लागले, की त्यातून तोतरेपणा जन्मतो. 1939 साली त्यांच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना ‘तू अडखळतोस, जपून बोल’ असं वारंवार सांगण्यात आलं. त्यांना जन्माचा तोतरेपणा जडला नाही, पण ती बोलायला कचरू लागली, घुमी झाली. विद्यापीठाने 2001 साली जाहीर माफी मागितली. या काळ्या प्रकरणातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही माझ्या बाजूचे आहेत. आईबाप तोतरेपणा निर्माण करत नाहीत. आणि ऐकणाऱ्याच्या वागण्याने धडधाकट मूलही बोलायचं टाळू लागतं. जबाबदारी आणि दोष या वेगळ्या गोष्टी आहेत. पाय मोडला त्यात घरच्यांचा दोष नसतो. पण तीन महिने कुबडी कोण देणार, हा प्रश्न घरच्यांनाच विचारतात.

इथवर पूर्वपक्षाचं खंडन झालं. पण आधाराच्या बाजूने बोलणाऱ्या काही मंडळींशीही माझं भांडण आहे. आपल्याकडे आधार म्हणून जे चालतं ते पुष्कळदा ओझंच असतं. ‘‘हळू बोल.’’ ‘‘श्वास घे आधी.’’ ‘‘घाई काय आहे?’’ हे सांगणाऱ्याचा हेतू चांगला, पण ऐकणाऱ्याला मिळणारा निरोप एकच: तू काय म्हणतोस याकडे माझं लक्ष नाही, कसं म्हणतोस याकडे आहे. शब्द पूर्ण करून देणारे आणखी वाईट. मुलाला सांगायचं असतं ‘पेरू’, काकू म्हणतात ‘पेन? पेन ना?’, आणि कटकट नको म्हणून मूल पेन घेऊन जातं. शाळेतला आधारही पाहा. तोंडी परीक्षेला बाई सांगतात, ‘‘तू लिहूनच दे.’’ स्नेहसंमेलनात त्याला पडदा ओढायला ठेवतात. हजेरीला त्याचा क्रमांक आला की न बोलता हात वर कर, अशी सवलत देतात. सगळं मायेने. आणि दर सवलतीबरोबर मुलाला कळतं, की आपला आवाज निघू नये यातच सगळ्यांचं भलं आहे. पुढे वधू-वर मेळाव्यात ‘मुलगा जरा मितभाषी आहे’ हे वाक्य याच मायेचं थोरलं भावंड. आणि उखाणा घ्यायची वेळ आली की सगळा मांडव श्वास रोखून बसतो.

उलट टोकाला सिनेमा. ‘गोलमाल 3’ (2010) मध्ये श्रेयस तळपदेचं पात्र अडखळतं, ते प्रेक्षकांनी हसावं म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी ‘कमीने’त शाहिद कपूरच्या गुड्डूचं अडखळणं बरंच माणुसकीने दाखवलं होतं, पण शाळेच्या पटांगणात नक्कल होते ती पहिल्याची.

आपला हा पट्टा बोलक्यांचा आहे, हेही लक्षात घ्या. ठाण्याची रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला, गडकरी रंगायतनपासून कल्याणच्या अत्रे रंगमंदिरापर्यंत एकांकिका, गल्लोगल्ली वक्तृत्व स्पर्धा. ठाण्यात 2010 साली साहित्य संमेलन भरलं, डोंबिवलीत 2017 साली. घडाघडा बोलणाऱ्या माणसाला इथे मान आहे. वाईट काहीच नाही त्यात. मात्र सरळ, वेगवान बोलणंच ऐकायची सवय झालेला कान दोन सेकंदांच्या शांततेने बेचैन होतो, आणि त्या दोन सेकंदांतच अडखळणाऱ्याचं सगळं बिघडतं.

आणि आधार फक्त मायेचा नसतो, वेळापत्रकाचाही असतो. या विषयातलं सरकारी ज्ञान अजून मुंबईत एकवटलेलं आहे: नायर रुग्णालयात, आणि वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत, जी 1983 पासून आहे. डोंबिवलीच्या बाईने मुलाला घेऊन वांद्र्याला जायचं, तर दादरला गाडी बदलून, गर्दीत, जाऊन-येऊन अर्धा दिवस; दर आठवड्याला, कित्येक महिने. इथल्या खासगी थेरपिस्टकडे जावं तर फी दर भेटीची. धाकट्याला कोण सांभाळणार, रजा किती घ्यायच्या, यावरच उपचार तुटतात. लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाला तो पालघरहून, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. त्याच्या 30 स्थितींच्या यादीत भाषाविकासातला विलंब आहे. अडखळण्याला वेगळी जागा नाही. अडखळणाऱ्या मुलाची भाषा बहुधा उशिरा आलेली नसतेच, त्याला काय म्हणायचंय ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते या जाळीतून सुटतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातली वाक्-दिव्यांगत्वाची व्याख्या कायमस्वरूपी दिव्यांगत्वाची आहे आणि तिच्यातली उदाहरणं स्वरयंत्र काढणं, वाचाघात अशी. तोतरेपणाला तिथेही कुणी नावाने हाक मारलेली नाही.

मोठ्या माणसांसाठी एक आधार मात्र उभा राहिला, आणि तो अडखळणाऱ्यांनीच उभा केला. डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी 2008 च्या सुमारास डेहराडूनजवळून सुरू केलेली द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन गावोगावच्या स्वमदत गटांवर चालते. या गटांत कुणी कुणाला बरं करत नाही. आठ-दहा माणसं बसतात, पाळीपाळीने स्वतःचं नाव सांगतात, आणि नाव निघायला अर्धं मिनिट लागलं तरी कुणी घड्याळ बघत नाही. मायकेल बॉयल यांच्या 2013 च्या अमेरिकी अभ्यासात अशा गटांत जाणाऱ्यांच्या मनात स्वतःविषयीचा कमीपणा कमी आढळला. धीट माणसंच गटात जात असतील, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही गटात मिळणारी गोष्ट क्लिनिकमध्ये मिळत नाही: अडखळत बोलूनही ऐकलं जातं याचा अनुभव. मानसिक आजारांच्या आधारगटांची सवय ठाण्याला आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेल्या आयपीएच संस्थेमुळे. तोतरेपणाचा गट महापालिकेच्या एखाद्या वाचनालयात रविवारी सकाळी बसवायला काही विशेष खर्च नाही.

आता राहिला ‘कायमचं मोकळं बोलणं’ हा शब्दप्रयोग. मोठ्या वयात उरलेला तोतरेपणा पूर्ण जाईल असं वचन देणाऱ्या पंधरा दिवसांच्या शिबिरांपासून लांब राहावं, हे माझं स्पष्ट मत आहे. टिकतं ते वेगळंच. माणूस कधी मोकळा बोलतो, कधी अडखळतो, पण फोन उचलायचा टाळत नाही, हॉटेलात आवडीचंच मागवतो, सोप्या अक्षराचं नाही. हे टिकवायला त्याच्या भोवतीची पाच-सात माणसं लागतात, आणि त्यांनी काय करायचं ते शिकवण्याजोगं आहे: नजर न वळवता थांबायचं, शब्द पुरवायचा नाही, बोलून झाल्यावर मुद्द्यालाच उत्तर द्यायचं. शिक्षकांनी सवलत देण्याआधी मुलाला बाजूला घेऊन विचारावं, हजेरी तुला कशी द्यायला आवडेल? काही मुलं म्हणतात, माझा नंबर पहिला घ्या, वाट पाहणंच नको.

आणि पालकांना एक विनंती. तीन-चार वर्षांचं मूल सहा महिन्यांहून जास्त काळ अडखळत असेल, घरात आधी कुणी अडखळणारं असेल, किंवा मूल बोलताना डोळे मिटून, मान झटकून शब्द ढकलत असेल, तर ‘मोठा झाला की सुटेल’ म्हणत शाळेची वाट पाहू नका, थेरपिस्टला दाखवा. पहिल्या भेटीला आई-वडील दोघंही जा. घरी रोज पंधरा मिनिटं कोण बसणार, ते त्या दिवशी तिथेच ठरवा.